गंज नव्हे, कुंकू

मी पिस्तूल क्लब सोडला ना, तेव्हाची गंमत. मनगट दुखायला लागलं म्हणून रिव्हॉल्व्हर ऑनलाइन विकायला काढली. ‘कंडिशन एकदम उत्तम’ असं लिहिलं होतं. ब्रायन नावाचा एक म्हातारा फ्लॅट बुश या इथल्या उपनगरात आमच्या घरी ती बघायला आला. त्यानं सिलिंडर हलवून पाहिलं, नळीत टॉर्च मारला. खूश दिसला. मग मुठीपाशी एका लाल डागावर बोट ठेवून म्हणाला, "हा गंज. तू लिहिला नाहीस."

नियमानं तेल देणारा मी, गंज येईल कुठून?

तेवढ्यात मीनल, म्हणजे माझी बायको, जी त्या रिव्हॉल्व्हरवरून माझ्याशी कायम भांडायची, हळूच म्हणाली, "गंज नाही, कुंकू आहे. दसऱ्याला आम्ही शस्त्रांची पूजा करतो. मी दर वर्षी हिला सांगते, कुणाला लागू नकोस."

ब्रायननं पुसायला काढलेलं फडकं परत खिशात ठेवलं. रीतसर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घेऊन गेला.

पुढच्या वर्षी त्याचा फोन, सुरुवात इथल्या माओरी नमस्कारानं. "किया ओरा. मीनलला दे जरा. तो डाग पुसट झालाय, आणि ती लाल पावडर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही."