बांगडीचा वाल

माहा जन्म भीमपूरकडचा, पैनगंगेच्या इकडल्या काठाचा. नदीच्या तिकडं महाराष्ट्र, इकडं तेव्हाचं आंध्र, आता तेलंगाणा. आमी जागचे हाललो नाही, पाट्याच बदलत राह्यल्या. बाप दुसऱ्याच्या कापसात राबला, मायबी राबली, आणि बापाचं एकच म्हणणं होतं की पोरांनी नांगराले हात लावाचा नाही, शाळेत जाचं नाहीतर आदिलाबादले जाचं. शाळा तेलगूत होती. मी सातवीपर्यंत तेलगू ऐकलं आणि मंग आदिलाबादले गेलो. धाकटा भाऊ मास्तर झाला, चुलतभाऊ तहसीलीत कारकून झाला, भीमजयंतीले ते दोघं स्टेजवर बसतात आणि मी मागं जनरेटर सांभाळतो. त्याचं मले काही वाईट वाटत नाही. जनरेटरले भाषण कराव लागत नाही.

तर हबीब उस्तादच्या दुकानात लागलो. उस्ताद फक्त रेडिएटरचं काम करे. इंजनाचं गरम पाणी ज्या जाळीत थंड होते ते रेडिएटर. जाळी उतरवाची, हौदात बुडवाची, हवा भराची, आणि बुडबुडा जिथून निघंल तिथं डाख द्याचा. कथील, नवसागर, कोळशाची शेगडी, बस. नवसागराचा धूर डोळ्यात जाते. उस्ताद म्हने, ज्याचे डोळे गळत नाहीत त्यानं हे काम नाही कराव. तो धुराचंच बोलत होता, त्याच्यात मोठा अर्थ काढू नका. तुमी लिहिणारे लोकं काढता, म्हणून सांगतलं.

आता एक गोष्ट नीट आयका, पुढचं सगळं तिच्यावर आहे. इंजनातून पाणी रेडिएटरकडं जाते, त्या तोंडाशी एक लहानशी झडप असते, आमी तिले वाल म्हणतो. इंजन थंड आहे तवर वाल बंद, गरम झालं की आपोआप उघडते. आदिलाबादेत कोणतीबी गाडी दुकानात आली का पहिलं काम एकच, वाल काढून फेका. काऊन, तर इथं उन्हाळ्यात डांबर चिकटते चपलेले, इथं इंजन गरम कराले वाल कशाले पायजे, पाण्याले रस्ता मोकळा पायजे. उस्ताद तसंच करे, उस्तादचा उस्ताद तसंच करे, गिऱ्हाईक स्वतःहून म्हने, मिस्त्री, वाल काढला ना? मी चाळीस वर्षं काढले. डबा भरला का पितळ म्हणून मोडीत घालाचे. किती काढले ते विचारू नका, डबे मोजले नाहीत.

लग्न झालं, कमल आली. उस्ताद गेल्यावर दुकान माहं झालं. लिलावातून एक जुनी डिझेल जीप घेतली, ती मीच उभी केली, वाल मीच काढला. कमल त्या जीपले सवत म्हने. म्हने, तिले पाणी विचारता तसं मले एकदा विचारा. विचारलं नाही कधी. आमच्यात अशी पद्धत नव्हती, आणि खरं सांगाचं तर मले सुचलंबी नाही. मुलगी एक, सुजाता, ती शिकली, उटनूरकडं आश्रमशाळेत मास्तरीण झाली. बाबासाहेबांच्या फोटोखाली तिच्या नेमणुकीचा कागद लावलेला आहे, फ्रेम करून, ते कमलचं काम.

कमल गेली त्याले तीन वर्षं झाली. सुजाताकडं गेली होती, वैशाखात. मी तिले आणाले जीप घेऊन गेलो, तर सकाळी तिच्या छातीत कळ आली. सरकारी गाडीले फोन केला, ते म्हनले तासभर लागंल, गाडी लांबच्या गुड्यावर, आदिवासी पाड्यावर गेली आहे. मी म्हनलं, तासभर कशाले, आपली जीप आहे दाराशी. मीच म्हनलं. कमलले समोर बसवलं, सुजाता मागं. जंगलातला चढ लागला आणि पाण्याच्या गरमीचा काटा वर गेला, वाफ निघाली, इंजन बसलं. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, माणूस भाजते, थांबाच लागते. थांबलो. फोनले रेंज नाही. कमल म्हने, होऊ द्या तिचं थंड, मी बरी आहे. पाऊण तास थांबलो असंल. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर म्हनला उशीर झाला. किती उशीर झाला, ते मी विचारलं नाही. मौतीले आलेले सगळे मिस्त्री म्हनले, जुनं इंजन, वैशाखाचं ऊन, कोन काय करणार. मीबी तेच म्हनत राह्यलो. म्हनता म्हनता तोंडाले सवय झाली. रडू नाही आलं, काय सांगू तुमाले, अजूनबी नाही आलं. भूक लागे, जेवो, झोप लागे, झोपो. लोकं म्हने मिस्त्री घट्ट आहे.

अशात यंदा जिनिंगवाल्या शेठचा माणूस आला. शेठच्या आजाची एक विलायती गाडी होती, निजामाच्या वेळची, शेडात सरकीच्या पोत्यांमागं पडलेली. धाकटे शेठ हैदराबादले राहतात. त्यांच्या डोक्यात आलं का मुलीले अक्षर गिरवाले बासरच्या सरस्वतीच्या देवळात न्याचं तर आजोबाच्या गाडीतून न्याचं. आजोबा म्हने त्याच गाडीतून सरस्वतीले गेलते. हैदराबादहून मिस्त्री आणला, त्यानं रंग दिला, चकचकीत केलं, सीटले चामडं लावलं. गाडी फाटकाच्या बाहेर पडली, रेल्वेच्या गेटापर्यंत गेली आणि उकळली. बासर तिथून शंभर किलोमीटरच्या वर. धाकटे शेठ मले हिंदीत म्हनले, चाचा, सब कुछ ओरिजिनल चाहिये. मी म्हनलं, साहेब, पाणीबी का?

हासले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला थोडा वेळ.

सामान धुंडाळाले लागलो. या गाडीचं काहीच कुठं भेटत नाही. जाळी मी स्वतः बांधली, नळी नळी डाखून. रबरी पाइप ट्रॅक्टरचे कापून बसवले. पाण्याच्या पंपाचा दांडा झिजलेला, तो निजामाबादेत लेथवर नवा ओढून घेतला. पट्टा एका पिठाच्या गिरणीवाल्यानं देल्ला, म्हने ओरिजिनलच आहे, माह्या गिरणीचा. सगळं झालं. गाडी सुरू केली, दहा किलोमीटर गेली, चढ लागला, उकळली. धाकट्या शेठनं कार्ड छापले होते, मंडप सांगतला होता, फोटोवाला ड्रोन घेऊन येणार होता. मले तर त्या गाडीचं एवढं काही नव्हतं, पण रेडिएटरवाल्यानं हात लावलेली गाडी उकळते म्हंजे काय, ते खटकलं. आणि तेवढंच खटकलं याचं बरंच वाटलं, कारण तीन वर्षांत काहीच खटकलं नव्हतं.

म्हनलं पंपच खराब असंल. रेल्वेनं नांदेडले गेलो. तिथं एक म्हातारे सरदारजी आहेत, जुन्या गाड्यांचं सामान ठेवतात, दुकानात उभं राहाले जागा नाही. मी पंप मांगतला. त्यांनी पंप दाखवला नाही, मले म्हनले, वाल बसवलाय का? मी म्हनलं, वाल आमी काढतो, आमच्याकडं लई गरम आहे. तर त्यांनी चष्मा काढला, एक वाल हातात घेतला आणि शांतपणे सांगतलं. म्हनले, मिस्त्री, या इंजनात पाण्याले दोन रस्ते आहेत. एक रेडिएटरकडं, एक परत इंजनातच. वालाच्या खाली ही पितळेची बांगडी दिसते ना, वाल उघडला का ही बांगडी तो परतीचा रस्ता बंद करते. तुमी वाल काढला म्हंजे तो रस्ता कायमचा उघडा. गरम पाणी तिथल्या तिथंच फिरत राहते. सपाटीवर समजत नाही, चढ लागला, वजन असलं, का उकळली.

मी विचारलं, कोणत्या कोणत्या इंजनात असं आहे?

म्हनले, लई आहेत. ही विलायती, अजून दोन-तीन, आणि तुमच्या त्या जुन्या डिझेल जीप.

मी एक वाल गाडीचा घेतला, एक जीपचा. ते म्हनले दोन काऊन? मी म्हनलं, राहू द्या एक जवळ. परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो, किनवट आलं, कोणीतरी चहा देल्ला, तो पेलो. मले काहीच वाटलं नाही. शेजारचा माणूस सोयाबीनच्या भावाचं बोलून राह्यला होता, मी त्याले हो हो म्हनत होतो.

घरी आलो. वाल तपासाची रीत म्हंजे पाण्यात टाकून उकळाचा. कमलच्या दुधाच्या गंजात, म्हंजे पातेल्यात, पाणी घेतलं, दोन्ही वाल टाकले, गॅस लावला. थंड होते तवर बंद. पाण्याले बारीक बुडबुडे आले आणि दोघंबी हळूहळू उघडले, बांगडी खाली सरकली. गॅस बंद केला, आपोआप मिटले. मी पुन्हा लावला. असं किती वेळा केलं ते सांगता नाही येत, गंजातलं पाणी अर्धं झालं.

गाडीले वाल बसवला. बासरले गेली, मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो, काटा मधातून हालला नाही. फेटेवाले होते, बेंजो होता, ड्रोन झाडात अडकला. मुलगी सगळा वेळ झोपली, पाटीवर हात धरून अक्षर बापानंच काढलं. धाकट्या शेठनं मले शाल घातली आणि भाषणात म्हनले का वारसा जपला पायजे. टाळ्या पडल्या. कोणता वारसा ते कोणी विचारलं नाही. मले विचारलं असतं तर मी सांगू शकलो असतो, आमच्या दुकानात तीन पिढ्यांचा आहे.

जीपचा वाल आठ दिवस गंजातच होता. बसवला नसता तर चाललं असतं, ते सांगतो तुमाले. म्हातारे सरदारजी चुकूबी शकतात, असं समजून मरेपर्यंत निघालं असतं. बसवला तर कळणार. नवव्या दिवशी बसवला आणि उटनूरले गेलो, वैशाखच होता. सुजाताच्या दाराशी सोयाबीनचं एक पोतं घेतलं, कमलच्या वजनाएवढं, आणि समोरच्या सीटवर उभं ठेवलं, दोरीनं बांधलं. ती म्हनली, बाबा, हे काय करून राह्यले? मी सांगतलं सगळं. वाल, बांगडी, चढ. ती आयकत राह्यली. मंग घराले कुलूप लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली, जशी तेव्हा बसली होती.

चढ लागला. मी रस्ता कमी आणि काटाच जास्त पाह्यला. काटा हालला नाही. ती जागा आली, सागाची दोन झाडं आहेत, गेली. वर पोचलो. काटा तिथंच. दवाखान्याच्या फाटकाशी जीप उभी केली, पंखा फिरत होता, पाणी उकळलं नव्हतं.

मी म्हनलं, माह्या हातानं झालं, बाई.

सुजाता मागून पुढं वाकली. म्हनली, बाबा, आईची पाठ दोन दिवसापासून दुखत होती. जबडाबी दुखे म्हनली होती. मी बाम देल्ला आणि शाळेत गेली, तपासणी होती. मी तुमाले सांगतलं नाही. मी तीन वर्षं समजून राह्यली का माह्यामुळंच.

मी तिले म्हनलं नाही का तुह्यामुळं नाही. तिनंबी मले म्हनलं नाही. मधात ते पोतं होतं. मंग ती उतरली, समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले, आणि मले म्हनली, आधी पाणी पेता का? मी म्हनलं, हो.

आता ती दर शनिवारी येते. येताना बसनं येते, जाताना मी सोडतो जीपनं. आमी त्यावर बोलत नाही. दुकानावर मी आता वाल काढत नाही. ड्रायव्हरले समजावतो का या इंजनात दोन रस्ते आहेत, तर ते म्हनतात, काका, एवढ्या उन्हात? तुमीच तर काढला होता मागच्या वेळी. आणि पलीकडच्या दुकानात जाऊन काढून घेतात. पलीकडचा माहाच शिकवलेला आहे, काम सफाईनं करते. त्याले सांगतलं तर तो म्हने, उस्ताद, तुमी थकले आता. थकलोबी असंल.

तुमाले उशीर होऊन राह्यला, ऊन उतरलं, निघा. गाडी नवीन आहे तुमची, म्हंजे बरं आहे, तिच्या आतलं अजून कोणी काढलं नसंल. कोणाले काढू देऊ नका, मिस्त्री कितीबी जुना असो. मी म्हनलो तरी नाही. सुखरूप जा, चढावर काट्यावर ध्यान ठेवा, आणि कोणी सोबत असंल तर त्याले पाणी विचारा.