मधलीच्या पायावरची रेघ

हॅलो? … हो, सोमनाथच बोलतोय. कोण? … जिया! अगं, साडेदहा वाजून गेले. अकराला तुझी मुलाखत ना? विमान-दुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या माणसाने… काय?

हळू बोल. जिन्यात उभी आहेस का? आवाज घुमतोय.

… परत? परत म्हणजे देवळालीला? का?

… कोण म्हणालं असं? … अमोल? तो कुठे भेटला तुला? … वलीम्यात, लग्नाच्या जेवणात. बरं. आणि जेवता जेवता म्हणाला, ‘तुझ्या अब्बांच्या एका सहीपायी ब्रह्मगिरी एअरवेज बुडाली.’ … हं. सहीपायी नव्हे, न केलेल्या सहीपायी. एवढी दुरुस्ती करायला हवी.

… नाही, थट्टा करत नाही. … अगं ऐक ना. रडू नकोस. म्हणजे रड, पण ऐकत रड.

अमोलवर रागावू नकोस. तो आमच्या तिकीट खिडकीवर होता. त्याचीही नोकरी गेली.

… मुलाखत घेणारे याच क्षेत्रातले असतात, हे खरं. तुझ्या अब्बांचं नाव वाचून त्यांना आठवेल, हेही शक्य आहे. … हे सगळं खोटं आहे असं मी सांगावं? … जिया, मी तिथे गुणवत्ता विभागाचा प्रमुख होतो. जे घडलं तेच सांगेन. चालेल? … नाही चाललं तरी तेच सांगेन.

आमच्याकडे विमानं तीन. … चार नव्हे. चौथं फक्त जाहिरातीत होतं. ओझरच्या हँगरमध्ये तुझे अब्बा त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायचे. यंत्रांना नात्याने हाक मारू नये, असं मी त्यांना लेखी कळवलं होतं. … हो, खरंच लेखी! त्यावर रियाजने, तुझ्या अब्बांनी, उत्तर लिहिलं, ‘सूचना मिळाली. धाकटीला सर्दी झाली आहे, संध्याकाळी बघतो.’ … हसलीस. बरं झालं.

थोरली एकोणीस आसनांची. आमच्याकडे आली तेव्हाच सतरा वर्षांची होती. … जुनी म्हणजे वाईट नव्हे. जुनी म्हणजे रोज तपासायची. मधली त्याच बनावटीची, चार वर्षांनी लहान. धाकटीत नऊच माणसं, आणि तीही वजन करून बसवायची. नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी काट्यावर चढताना म्हणाले होते, ‘जलमभर मी कांदा तोला, आते माले बी तोलतस का?’ तुझे अब्बा अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘चढा शेठ, आम्ही कांद्यासारखी वजनात घट धरत नाही.’

… हो, येतो मुद्द्यावर. त्या आठवड्यात थोरली जॅकवर उभी होती; तिचं एक इंजिन दुरुस्तीला गेलेलं. धाकटीचा पंखा यायचा होता. उडत होती ती एकटी मधली, सुरतेच्या फेरीवर. करारातली अट अशी, की सेवा सलग पंधरा दिवस बंद राहिली तर तो मार्ग आमच्या हातून जाणार.

मंगळवारी सकाळी रियाजने मधलीच्या चाकाचा पोलादी पाय तपासायला घेतला. लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरी पूड मारायची. भेग असली तर आत मुरलेला रंग वर येतो. … आला. चार मिलिमीटरची रेघ. केसासारखी.

… भेग असेल, किंवा ओरखडा असेल. नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. पाय उतरवून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. बाहेर प्रवासी खोळंबलेले. मालक दोनदा येऊन गेले. म्हणाले, आजची फेरी जाऊ द्या, उद्या बघू. रियाज म्हणाला, ‘मी सही करणार नाही.’ विमान उभं राहिलं. अहवाल तेविसाव्या दिवशी आला. तोवर मार्ग गेला होता. सहा महिन्यांनी कंपनीही गेली.

… म्हणजे अमोल खरं बोलला? बरंचसं. त्या दिवशी विमान उडालं असतं तर कंपनी वाचली असती का, ते मला ठाऊक नाही. तो प्रयोग पुन्हा करता येत नाही.

… हो. विचारणारच तू. … अहवालात लिहिलं होतं, ओरखडा. भेग नाही.

… म्हणजे अब्बा चुकले, म्हणतेस?

हो. त्याची शंका चुकीची ठरली. … नाही, नाही, उतरू नकोस! पायऱ्यांवर चप्पल वाजतेय तुझी. माझं अजून संपलेलं नाही. … थांबलीस? … बरं.

तो अहवाल मीच त्याच्या हातात दिला. वाटलं, आता हा खचणार. त्याने वाचला, औजारांच्या पेटीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी समजूत घालू लागलो, तर म्हणतो, ‘उसका नहीं रोना, साहब. रेघ दिसायच्या आदल्या दिवशी मधलीला मीच सही करून सुरतेला पाठवलं होतं. सतराजण होते आत. भेग असती तर ती तेव्हाही असती. तेवीस दिवस त्या सतराजणांनी मला झोपू दिलं नाही. भेग नव्हती, साहेब. मी त्यांना धोक्यात घातलं नव्हतं.’

… हो. नोकरी जाणार हे त्याला तेव्हा दिसत होतं. … नाही, तुझ्या आईला, खुर्शीदावहिनींनाही, हे त्याने सांगितलं नसेल.

आता आणखी एक. हे मी नऊ वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही. … त्या मंगळवारी त्याने मला बोलावलं होतं. भिंग माझ्या हातात दिलं. ती रेघ मीही पाहिली, आणि मलाही ठरवता आलं नाही. … काय म्हणालो? म्हणालो, ‘तू ठरव.’ हुद्दा माझा वरचा होता, बाळ. त्याच्या नकाराखाली माझं नाव लिहायला जागा होती. मी लिहिलं नाही. म्हणून तुला वलीम्यात एकच नाव ऐकावं लागलं.

… मी बसलो असतो का, मधलीत, त्या दिवशी? … नसतो बसलो. हे तेव्हाच मोठ्याने म्हणायला हवं होतं.

… माफी वगैरे सावकाश बोलू. अकराला चार मिनिटं आहेत.

… विचारलं तर सगळं सांग. ओरखडाही सांग, तो लपवू नकोस. आणि भिंगातून पाहणारा दुसरा माणूस कोण, तेही सांग. नाव, हुद्दा, फोन नंबर, सगळं दे. मी उत्तर देईन.

… कोण हाक मारतंय? … तुझंच नाव आहे ते. … शुभेच्छा? त्यांचा मोजता येण्याजोगा परिणाम होत नाही. … देतो गं, देतो. पुष्कळ देतो. डोळे पूस आधी.

हॅलो? … जिया, फोन बंद करायचा राहिला तुझा…

… वत्सला, तो मिक्सर थांबव जरा! … आपल्या रियाजची जिया. … नाही, परत नाही गेली. … अंदाज नव्हे, दार उघडल्याचं ऐकलं मी. ‘आत येऊ का?’ म्हणाली, मग फोन कट झाला. … आवाज? … आवाज स्थिर होता.