दादाच्या दारातली गाडी

थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या नर्सबाईंसमोरच एका नवराबायकोची गाडी बंद पडली होती. पंक्चरवाला रस्त्याकडेला चाक काढून बसला होता. बाई नजर दुसरीकडे ठेवून होत्या, पण कान तिकडेच होते.

“खिळा नाही साहेब. पात्याने अर्धवट चिरलंय, म्हणून चालता चालता बसलं.”

“रात्री गाडी कुठे लावली होती हो?” बायकोने नवऱ्याला विचारलं.

“तुझ्या दादाच्या दारात.”

“दादा असं करणार नाही.”

“आज कोर्टात तू वहिनीच्या बाजूने बोलणार, हे कळलं असेल त्याला.”

“आतून ठिगळ लावलंय. हळू न्या, कोर्टापर्यंत जेमतेम टिकेल.”

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. दोनच वाक्यं बोलून तिने तो ठेवला.

“कोण?”

“दादा. वाटेत काही अडचण नाही ना, विचारत होता.”

“मग?”

“कधीच पोचलो, म्हटलं.”