मरणाच्या पेटीतली चादर

(पूर्व युरोपातल्या मारामुरेश या डोंगराळ भागातल्या एका खेड्यातलं अंगण, सकाळची वेळ. चौऱ्याहत्तर वर्षांची पलागिया आणि तिची मुलगी दोकिया. दोरीवर एक पांढरी चादर वाळते आहे.)

दोकिया : दोरीकडे काय बघत उभी राहिलीस, आई? चादर आहे ती.

पलागिया : चादर आहे ते कळतं गं मला. मीच विणलीय. कुठनं काढलीस?

दोकिया : पुढच्या खोलीतल्या रंगवलेल्या पेटीतून. डच पाहुणे आले तेव्हा बाजारातल्या चादरी ओल्या होत्या. ही आपली वर्षानुवर्षं नुसती पडून.

पलागिया : पडून नव्हती. वाट बघत होती.

दोकिया : कोणाची?

पलागिया : माझी. माझ्या शवपेटीत अंथरायची आहे ती.

दोकिया : अगं आई.

पलागिया : उशी पण दिलीस?

दोकिया : रानतुळस भरलेली? दिली. बाईंना वास फार आवडला.

पलागिया : आणि टॉवेल? चार होते. एकाच्या कोपऱ्याला गाठ.

दोकिया : अंघोळीला. आई, खरंच माहीत नव्हतं मला. अकरा वर्षं इटलीत लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळल्या. कोणाला कुठली गोळी, कोणाला शेवटी कुठला झगा घालायचा, सगळं तोंडपाठ. आणि स्वतःच्या आईच्या पेटीत काय आहे ते ठाऊक नाही. माझ्यासारखी हुशार बाई शोधून सापडायची नाही.

पलागिया : मी तरी कुठे दाखवलं? बायका आपापल्या मुलींना दाखवून ठेवतात. तू वर्षाला दहा दिवस यायचीस. त्यात मरणाचं कुठे काढू, म्हणून आलुबुखाराचा मुरंबा करत बसायचे. झोप लागली का त्यांना?

दोकिया : बाई म्हणाल्या, जन्मात एवढी गाढ झोप लागली नव्हती.

पलागिया : लागणारच. त्याच कामाची चादर आहे ती. आपण मेल्यावाचून स्वर्ग दिसत नाही म्हणतात. हे दोघं न मरता बघून आले आणि वर नाश्त्याला अंडी मागितली.

दोकिया : हसू नकोस, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

पलागिया : गाठीतलं नाणं गेलं का? मेल्यावर वर जाताना लागणाऱ्या जकातनाक्यांवर द्यायला ठेवलं होतं.

दोकिया : नाही. त्यांना वाटलं, ही आपल्या घरची रीत. त्यांनीही त्यात एक युरो ठेवला आणि पुन्हा गाठ मारली.

पलागिया : बरं झालं. आपल्या नाण्याला तिथे कोण विचारतंय. आहेत कुठे दोघं?

दोकिया : ग्रिगोरेमामाच्या कुरणात वाळत टाकलेलं गवत उलटायला गेलेत. हौसेने.

पलागिया : ग्रिगोरेचं नशीब. आम्ही जन्मभर उलटलं, कोणाला हौस दिसली नाही.

दोकिया : ते आले की खरं सांगते आणि माफी मागते. मग इटलीत बेर्गामोला फोन करते. तिथल्या बाईंना रविवारपर्यंत उत्तर हवंय, त्यांची आई अंथरुणाला खिळलीय.

पलागिया : म्हणजे तू परत जाणार.

दोकिया : मला जायचं नाहीये गं. पण परत आल्यापासून चार महिन्यांत तीनदा पाहुणे आले, त्यातला एक तर रस्ता चुकलेला होता. मोठ्या तोऱ्यात फाटकावर पाटी लावली मी, 'येथे राहण्याची सोय'. गाव येता-जाता वाचतंय आणि स्वतःच्या घरी जाऊन झोपतंय.

पलागिया : आता तर पाहुणे आहेत ना?

दोकिया : खरं सांगू? त्या बाईंनी काल चादरीचा फोटो टाकला. सकाळपासून पाच जणांनी विचारलंय, सप्टेंबरमध्ये जागा आहे का. सगळ्यांना तीच चादर हवीय. मी नाही म्हणून कळवते. ही वाळली की परत पेटीत ठेवू.

पलागिया : परत पेटीत? दुसऱ्यांनी अंग टाकलेल्या चादरीत मी जाऊ? गरीब असेन, पण इतकी नाही.

दोकिया : मग काय करायचं?

पलागिया : अंथर त्यांना. वीस वर्षं ती दर ईस्टरला उन्हात घातली, पुन्हा घडी घातली. स्वतः मात्र ठिगळं लावलेल्या गोधडीत निजले. घरातली सगळ्यात चांगली चादर मेल्यावर वापरायची म्हणे. मोठी शहाणी मी.

दोकिया : आणि तुझं काय?

पलागिया : माझी नवी विणायची. माग माळ्यावर आहे. वसंतात जवस पेरू, मग त्याच्या काड्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचं सूत काढायचं.

दोकिया : किती दिवसांचं काम?

पलागिया : दोन हिवाळे तरी. आणि मागावर ताण्याचे उभे धागे भरायला समोर दुसरं माणूस लागतं. एकटीचं काम नाही ते.

दोकिया : मामी येतील की.

पलागिया : तिला सुईचं भोक दिसत नाही, धागा काय दिसणार?

दोकिया : मला विणता येत नाही, आई.

पलागिया : ते मला माहीत आहे. म्हणून तर दोन हिवाळे म्हटलं. नाहीतर एकात झालं असतं.

दोकिया : मग बेर्गामोच्या बाईंना काय कळवू?

पलागिया : कळव, माझ्या आईची मरायची तयारी अजून व्हायचीय. दोन वर्षं तरी आम्हा दोघींना सवड नाही.