बोनटवरचे चरे

चिचगडहून देवरीला निघालेल्या एस्टीत अल्काच्या पुढच्या बाकावर नवरा, बायको आणि म्हातारा सासरा दाटीवाटीनं बसले होते. म्हाताऱ्याचा सुजलेला पाय पिशवीवर टेकवलेला होता. बस खड्ड्यात आदळली, म्हातारा कण्हला आणि सून अशी भडकली की अल्काचे कान आपोआप तिकडं वळले.

"दारात कार उभी आन् मामाजीले दवाखान्यात एस्टीनं नेऊन राहिले! लाज नाही वाटत?"

"हळू बोल. काल पॉलिश केली, वरून कोटिंग मारलं. ते वाळाचं आहे अजून. धूळ बसली का सारी मेहनत मातीत."

"आन् मामाजीचा पाय?"

"धानाच्या तणसानं कार घासा, असं मी सांगतलं होतं काय? उन्हात पाह्यलं तं साऱ्या बोनटवर गोल गोल चरे! पॉलिशची मशीन फिरवून फिरवून माहे हात गेले."

"तुमचीच कार धूत होते ना? साबणाच्या पाण्यात घसरून पडले. त्यायले उचलाचं सोडून तुमी चरे पाहत बसले!"

"मंग बाबानं तणस काऊन घेतलं? कार का बैल होय?"

म्हातारा खिडकीबाहेर पाहतच बोलला.

"बैल असेच घासत होतो मी. तू व्हाचा होता, त्या दिवशीबी नुकतेच धुतले होते. तुह्या मायले कळा आल्या, तसे ओल्या अंगानंच गाडीले जुंपले. वाळाची वाट नाही पाह्यली."