शिवगोंडाची मिशी आणि कार्बाइडची टिप

मंडळी, आज एकच प्रश्न! माणसानं कडक किती असावं? — पापडाइतकं? पुढच्या रांगेतल्या ट्रस्टींनी हसू नये, उत्तर त्यांच्यापर्यंत येणारच आहे!

ऐका. एका गावात शिवगोंडा लेथवाला. दसऱ्याला देवाचा रथ निघायचा. चाकाचा नवा आस कातून द्यायचं काम त्याच्याकडं. पोलाद असं हट्टी, की साधं हत्यार टेकवलं की धार गेली! म्हणून त्यानं शहरातून टंगस्टन कार्बाइडची टिप, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायचा कापणारा तुकडा, आणली. पोरांनो, तिकोनी, बोराएवढी. पण हातात घ्या — तेवढ्याच लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड! तापून लाल झाली तरी कापतच राहते.

आली खंडेनवमी. हत्यारांना सुट्टी, हळदकुंकू, झेंडू! देवाला वर्षभर सुट्टी नाही, पान्याला मात्र आहे! टिपही पाटावर बसली. मेहुणा भूपाल म्हणाला, "दाजी, एवढ्याशा तुकड्यानं रथाचा आस कातणार व्हय?"

"तुकडा? वज्र हाय ते! फुटलं तर मिशी उतरवीन!"

आणि हातोडा उचलला हो! टिप ऐरणीवर, वरून दणका — टण्ण! एक कोपरा उडाला, तो थेट प्रसादाच्या शिऱ्यात!

का फुटली, पोरांनो? टंगस्टन आणि कार्बनचे ते कण फार कठीण. कितीही दाबा, दबणार नाहीत. पण एकमेकांना धरून राहायची अक्कल नाही! म्हणून त्यांच्या पुडीत कोबाल्ट मिसळतात, दाबतात, भट्टीत तापवतात. कोबाल्ट त्यांच्यापेक्षा मऊ — तोच सगळ्यांना धरून ठेवतो. तरी अवचित दणका बसला, की टवका उडतो!

आता शिवगोंडाची पंचाईत! उद्या रथ, आणि शहरातली दुकानं बंद! तेवढ्यात बायको पद्माक्का आली. शिऱ्यातून कोपरा काढला, टिप उजेडात धरून बाकीच्या टोकांना तडा नाही ना, ते बघितलं.

"टोकं तीन हायती न्हवं? एक तुम्ही घालवलं. दुसरं फिरवून लावा. आणि तो हातोडा हिकडं द्या!"

पहाटे त्यानं टिप फिरवून लावली, हलक्या हातानं आस कातला. रथ निघाला हो, गडगडत! दोरीला सगळ्यांत पुढं शिवगोंडा — तोंड गुळगुळीत! पुजारी विचारतो, "हे पाहुणे कुठले?"

काय ट्रस्टीसाहेब, मिशी कशाला चाचपता? राहू दे ती! कामाच्या भाराखाली तुम्ही सगळे कार्बाइड आहात, मान्य. पण एका टोमण्यानं टवका उडतो की नाही? आणि तुम्हाला धरून कोण ठेवतं? — आता घरी जा, आणि त्या कोबाल्टला आधी विचारा, "जेवलीस का?"