माह्या तुरीवरचा शिकारी ढेकूण

मी सुमन, पुसदच्या अलीकडच्या तांड्यातली. आमचे आजे-पंजे बैलाच्या पाठीवर मीठ, दाने लादून मुलूखभर फिरत, घर असं नव्हतंच, मंग माह्या आज्यानं इथं जमीन केली अन् पाय रोवले. चवथी शिकली मी, लगन बी याच तांड्यात झालं. आमचे हे अन् माहा देर परसराम, दोघा भावाचं शेत लागून, मधात नुसता धुरा, मातीचा बांध. दोन्हीकडं तूर अन् कपाशी.

काय सांगू तुम्हाले, ढेकनाच्या पायी मी देराशी भांडीन असं कोनी सांगितलं असतं तर मीच हासली असती. झालं असं का, आमच्या तांड्यात शेतीशाळा भरे, कॉलेजातली एक मॅडम ये, पोरगीच होती, मले मावशी म्हने. तिनं शिकवलं का मावशी, पिकावरचे सारेच ढेकूण वाईट नसतात, झाडाचा रस पिते त्याची चोच बारीक, शिकार करते त्याची जाड. आमी बाया हासलो, म्हनलं माय, ढेकनाची चोच कोन पाहात बसते.

पन मंग पाहाची सवयच लागली. त्या साली तुरीले फुलं आलती, शेंगा धरून राह्यल्या होत्या अन् अळी पडली. सकाळी मी नाल्याकडच्या ओळीत वाकली तर एक अळी हवेत लोंबून राह्यली, नीट पाह्यलं तर वर एक ढेकूण, चोच तिच्या अंगात खुपसलेली, अन् तो तिले तसाच घेऊन मागं मागं सरके. काळा-तपकिरी, खांद्यावर दोन काटे, अन् पाठीवर पिवळा ठिपका, असा मी जनमात पाह्यला नव्हता. नाल्याकडच्या चारी ओळी धुंडल्या, पाच भेटले, बस पाचच.

तितक्यात परसराम पंप पाठीवर घेऊन आला, दोन्ही शेतं तोच फवारे. म्हनलं भाऊजी, या चार ओळी राहू द्या. तो म्हने, काहून, कशाले? म्हनलं इथं ढेकूण हायेत. तो म्हने वहिनी, येडी झाली का, ढेकूण हायेत म्हनून तर मारून राह्यलो. मी म्हनलं हे अळी खातात. तो म्हने अन् नाई खाल्ली तर वर्षभर डाळ कोन देईन, तो ढेकूण? मी तिथंच ओळीच्या तोंडाशी उभी राह्यली, म्हनलं मारा मंग माह्या अंगावर. लय तडकला तो, पन त्यानं नळी दुसरीकडं फिरवली. पंधरा दिस माह्याशी बोलला नाई.

मॅडमले फोन केला, दुसऱ्या दिवशी आली बिचारी, बसथांब्यावरून पायी. भिंगातून पाहे, पुस्तकात पाहे. आधी म्हने हा तर नेहमीचाच शिकारी मावशी, मंग पुन्हा पाह्यलं अन् पुस्तक मिटलं. म्हने नाई, हा तो नोहे, पुस्तकात नाईच हा. मंग हळूच म्हने, दोन न्यावे लागतील, एक नर, एक मादी.

मले वाटलं जित्ते नेईन. ती म्हने नाई, दारूसारखं औषध असते त्यात बुडवा लागते. म्हनलं फोटू काढ ना माय, किती काढाचे तितके काढ. म्हने फोटूत वळख पटत नाई मावशी, नराच्या पोटाखालचा बारका भाग उघडून पाहा लागते. मी म्हनलं, नाव भेटून त्याले काय फायदा? तिनं भिंग पुसून पिशवीत ठेवलं. मंग म्हने, हा कोन हाये हेच ठावं नसलं तर हा सरला हेबी कोनाले समजनार नाई. पन शेत तुमचं हाये, नाई म्हनसान तर मी अशीच वापस जाईन.

आता ज्याच्यासाठी मी देराशी भांडली त्यालेच मारू द्याचं! धुऱ्यावर बसली मी घडीभर. मंग माह्याच हातानं दोन धरले अन् बाटलीत सोडले. सडक्या सांबाराच्या, म्हंजे कोथिंबिरीच्या जुडीसारखा वास हाताले, सांजेपर्यंत गेला नाई, भाकर थापली तर आमचे हे म्हनत कायचा वास येते.

लय महिने गेले. उन्हाळ्यात फोन आला, मॅडम रडून राह्यली का हासून मले समजेना. मोठ्या जानकारानं वळख पटवली होती, लय दुर्मीळ जात, आपल्या भागात तर कोनी पाह्यलीच नव्हती. कॉलेजात नेलं मले. काचेच्या पेटीत टाचनीवर माहा ढेकूण, खाली बारकुशी चिठ्ठी, त्यावर आमच्या तांड्याचं नाव, तुरीचं नाव अन् मंग, शोधणारी सुमन राठोड. बोट ठेवून ठेवून वाचलं मी. परसरामले सांगितलं तर म्हने, चार ओळी मी सोडल्या, माहं नाव कुठं हाये? खरंच होतं त्याचं.

पन त्याच्यानंतर दोन हंगाम झाले, एकबी दिसला नाई. पाचातले दोन मी देले. मॅडम म्हनते दोनानं काई होत नाई मावशी, आजूबाजूची फवारनी पाहा. असन. पन टाचनीवरचा तो आठवला का मनात येतेच का आपून बरोबर केलं का नाई. कोनाले इचारावं?

यंदाबी तूर कळीवर हाये, रोज सकाळी जाऊन पानं उलटून पाहाते. दिसला तर मॅडमले सांगीन, पन बाटली आनू नको म्हनीन का आन म्हनीन, तेवढं अजून ठरलं नाई माह्या मनाचं. जिथं असन तिथं पोटभर खाऊन राहो बापा.